रामबागेतला ओरिजिनल गेम आणि त्याच्या तीन संधी

हे प्रकरण एका डीव्हीडीचं आहे. २००९ साली इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरच्या संगणक बाजारातून रोख पैसे मोजून घेतलेली, सीलबंद डबीतली, ओरिजिनल गेमची डीव्हीडी. तिच्यावर आजही एक चरा नाही. आणि तो गेम त्या डीव्हीडीवरून २०१२ नंतर कधीच चालला नाही.

कुटुंब रामबागेतलं. वडील बँकेतून निवृत्त. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते, मीही म्हणतो. मुलगा तेव्हा अकरावीत होता. घरातला संगणक असेम्बल्ड, मीच जोडून दिलेला. त्यामुळे त्याच्या कॅबिनेटमध्ये कधी काय जळलं आणि कधी काय बदललं, हे माझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या जॉब कार्डांवर आहे. हे प्रकरण लिहितोय ते त्या कार्डांच्या आधारानं. गेमचं आणि कंपनीचं नाव देत नाही. त्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच मोठ्या कंपन्या हेच करत होत्या, आणि ज्यांचं सगळं जगजाहीर आहे त्यांची नावं पुढे येतीलच.

ओरिजिनलच घ्यायचा हा हट्ट काकांचा. मुलाचे मित्र पन्नास-शंभर रुपयांत कॉपी केलेली डिस्क आणत आणि त्याच रात्री खेळायला बसत. काकांनी सरळ सांगितलं, ‘घरात चोरीची चीज नको. घ्यायचा तर बाजारभावानं घे, नाहीतर राहू दे.’ पोरानं वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे जमवले, उरलेले काकांनी घातले. दुकानदारानं गल्ल्यातली चिठ्ठी फाडून दिली: ‘१ गेम डीव्हीडी’, रक्कम, तारीख. खाली सही नाही, व्हॅटचा नंबर नाही. कच्चं बिल. आपल्याकडे तेव्हा पक्कं बिल मागणारा माणूस एकतर इन्कम टॅक्सवाला समजला जाई, नाहीतर भांडखोर.

डबीच्या मागे बारीक टायपात लिहिलं होतं की खेळण्यासाठी इंटरनेट लागेल, ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन करावं लागेल, आणि ते ठराविक संख्येच्या संगणकांवरच होईल. ही संख्या किती, ते डबीवर नव्हतं. ‘तीन’ हा आकडा होता करारनाम्यात. करारनामा दिसतो डिस्क घातल्यावर, पडद्यावर. तोवर सील फुटलेलं असतं, आणि सील फोडलेला माल कोणताच दुकानदार परत घेत नाही.

तीन वेळा काय मोजलं जातं

मुलाची आणि काकांचीही समजूत अशी झाली होती की तीन म्हणजे तीन घरं किंवा तीन माणसं. एकट्यानं खेळायचं तर तीन कुठं लागतात?

प्रत्यक्षात चालतं असं. गेम पहिल्यांदा सुरू होताना मशीनमधल्या भागांची माहिती गोळा करतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्कचा पत्ता, विंडोज असं काय काय घेऊन त्यातून एक आकडा तयार होतो. तो आकडा आणि मॅन्युअलवरची सिरियल की, म्हणजे त्या कॉपीचा छापील क्रमांक, कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. सर्व्हर पाहतो की या कीवर आतापर्यंत किती वेगवेगळे आकडे आले. जागा शिल्लक असली तर परवान्याची एक छोटी फाइल पाठवतो, आणि ती फक्त त्याच आकड्याच्या मशीनवर चालते. पुढे आकडा बदलला की ती फाइल निकामी होते आणि गेम पुन्हा सर्व्हरच्या दारात जाऊन उभा राहतो.

म्हणजे सर्व्हरला माणूस दिसत नाही, घर दिसत नाही, डीव्हीडी किती जणांनी वापरली तेही दिसत नाही. त्याला दिसतो फक्त बदललेला आकडा. तोच संगणक दुरुस्त होऊन आला, की त्याच्या लेखी तो दुसरा संगणक. तीनची मर्यादा कागदावर कॉपीला होती, लागू होत होती दुरुस्तीला. या प्रकरणात मला सांगायचंय ते एवढंच, आणि ते जॉब कार्डांवरून दिसतं.

पहिली जागा विकत घेतल्याच्या दिवशी गेली. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर दोन मिनिटांत काम झालं. इथं तक्रारीला जागाच नाही.

दुसरी गेली २०१० च्या मे महिन्यात. दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली आणि जोरात आली. घरात यूपीएस होता, पण त्याच्या बॅटरीत दम नव्हता. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, फट् करून उडाला आणि जाता जाता मदरबोर्डही घेऊन गेला. कॅबिनेट माझ्या टेबलावर उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या शेजारची कपॅसिटरची रांग फुगलेली होती. त्यातल्या दोन कपॅसिटरच्या डोक्यावरचा पत्रा चिरून तपकिरी राळ बाहेर येऊन वाळली होती, आणि वास असा की शेजारच्या दुकानातला पोरगा येऊन विचारून गेला, ‘भिया, क्या जला?’ त्याच मॉडेलचा बोर्ड बाजारात उरला नव्हता. प्रोसेसर आणि रॅम बसतील असा दुसऱ्या चिपसेटचा बोर्ड मिळाला. रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासून लावल्या, हार्ड डिस्क जशीच्या तशी जोडली. डिस्कवर गेम होता, पोराच्या सगळ्या सेव्ह फाइल होत्या. गेम सुरू केला तर त्यानं पुन्हा की मागितली.

तिसरी गेली त्याच पावसाळ्यात. इंदुरात ज्यांच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट होतं त्यांना हे सांगायला नको. वीज पडते कुठंतरी लांब, झटका तारेतून मॉडेमपर्यंत येतो, मॉडेम जळतो आणि तोच झटका नेटवर्कच्या वायरीनं थेट मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टापर्यंत पोचतो. बाकी बोर्ड ठणठणीत, फक्त लॅन गेलेली. अशा बोर्डाला आम्ही तेव्हा वेगळं पीसीआय लॅन कार्ड लावून द्यायचो, तीन-साडेतीनशेचं काम. पण नेटवर्कचा पत्ता बदलतो. त्यात पोरानं त्याच वेळी एक्सपी काढून विंडोज सेव्हन टाकून घेतलं, कारण मशीन उघडलंच होतं. दोन्ही बदल एकदम झाल्यावर गेमनं पुन्हा की मागितली, आणि सर्व्हरनं शेवटची जागा दिली.

चौथ्यांदा काही जळलंच नाही. २०११ मध्ये पोरानं नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तोच गेम जरा बऱ्या चित्रात खेळायला. कार्ड बसलं, ड्रायव्हर टाकला, गेम उघडला, आणि पडद्यावर आलं की या कीची अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे.

एकच घर, एकच टेबल, एकच मुलगा, एकच डीव्हीडी. त्या गेमची दुसरी कॉपी कोणीही, कधीही केलेली नव्हती.

गेलेली जागा परत का मिळत नाही

कंपन्यांचं यावर उत्तर असायचं की जागा परत करायची सोय आहे. गेम रीतसर अनइन्स्टॉल करा, किंवा आमचं छोटं साधन चालवा. इंटरनेट चालू असेल तर जागा मोकळी होईल. कागदावर हे अगदी वाजवी वाटतं. आता हेच काकांच्या मशीनला लावून पाहू.

मे महिन्यात बोर्ड जळाला. जागा परत करण्याचा निरोप जुन्या बोर्डासकटच्या मशीननंच सर्व्हरला पाठवायला हवा होता. ते मशीन सुरूच होत नव्हतं. जो बोर्ड सुरू होत नाही म्हणून बदलला, त्याच्याकडून राजीनामा कसा घ्यायचा? पावसाळ्यात तर जळालं ते नेमकं इंटरनेटचंच पोर्ट. त्या मशीनवर सगळं चालत होतं, फक्त निरोप धाडता येत नव्हता. शेवटच्या खेपेला, ग्राफिक्स कार्डाच्या आधी, गेम रीतसर काढला असता तर जागा वाचली असती हे खरं. पण कार्ड बदलण्याआधी गेम काढा, असं डबीवर नव्हतं, मॅन्युअलमध्ये नव्हतं, गेमच्या मेनूतही नव्हतं. कंपनीच्या साइटवर मदतीच्या एका पानात होतं, आणि मर्यादा संपल्यावर शोधायला गेलो तेव्हा दिसलं.

ज्यांनी ही व्यवस्था आखली त्यांच्या डोळ्यांपुढे असा ग्राहक असणार की जो ब्रँडेड मशीन घेतो, चार वर्षं वापरतो आणि मग आख्खं मशीन बदलतो. त्याला तीन जागा म्हणजे बारा वर्षं. आपल्याकडचा संगणक तसा जगत नाही. त्याचा यंदा एसएमपीएस बदलतो, पुढच्या वर्षी बोर्ड, मग हार्ड डिस्क; पाच वर्षांनी आतलं काहीच मूळचं उरत नाही, तरी घरात तो ‘आपला जुना पीसी’च असतो. दुरुस्त करून वापरणाऱ्याला ही मर्यादा सगळ्यात आधी बोचते.

हा फक्त आपल्या विजेचा आणि पावसाचा दोष नाही, याचा पुरावा लवकरच मिळाला. युबिसॉफ्टच्या ‘अ‍ॅनो २०७०’ या गेमवर टाजेस नावाचं संरक्षण होतं आणि तीन अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा. जानेवारी २०१२ मध्ये ‘गुरु थ्री डी’ ही हार्डवेअर तपासणारी मंडळी वेगवेगळी ग्राफिक्स कार्डं लावून त्या गेमवर चाचणी घ्यायला बसली. कार्ड बदललं की एक अ‍ॅक्टिव्हेशन खर्च, पुन्हा बदललं की आणखी एक. तीनमध्ये चाचणी आटोपली. बातमी सगळीकडे झाल्यावर युबिसॉफ्टनं ग्राफिक्स कार्ड त्या मोजणीतून काढलं. काकांच्या पोराचं कार्ड त्याच्या काही महिनेच आधीचं होतं, आणि त्याची बातमी कोण करणार?

तीनचा आकडा आला कुठून

आधीच्या काळात राखण डिस्कची असे. सेफडिस्क, सिक्युरॉम, स्टारफोर्स अशी नावं होती. डिस्क ड्राइव्हमध्ये आहे का आणि ती खरी आहे का, एवढं ते बघत. तेही त्रासाचंच होतं. स्टारफोर्सच्या ड्रायव्हरविरुद्ध इतका आरडाओरडा झाला की २००६ मध्ये युबिसॉफ्टनं ते सोडून दिलं. पण तिथं मोजणी नव्हती. डिस्क जपली की झालं.

मोजणी मोठ्या गेमांत आली ती २००७ च्या ‘बायोशॉक’पासून. ऑगस्टमध्ये गेम आला तेव्हा दोन अ‍ॅक्टिव्हेशन होती. ओरड होताच पाच केली, आणि २००८ च्या जूनमध्ये मर्यादाच उठवली. त्याच २००८ मध्ये ‘मास इफेक्ट’ संगणकावर येताना असं ठरलं होतं की गेम दर दहा दिवसांनी सर्व्हरला हजेरी देईल. लोक खवळले, हजेरी रद्द झाली, तीनची मर्यादा राहिली. सप्टेंबर २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा ‘स्पोर’ आला, पुन्हा सिक्युरॉम, पुन्हा तीन. अ‍ॅमेझॉनवर त्या गेमखाली एक-एक ताऱ्याच्या शेऱ्यांचा ढीग पडला, अमेरिकेत खटला दाखल झाला, आणि कंपनीनं तीनाचे पाच केले, पुढे जागा परत करायचं साधनही दिलं.

गंमत अशी की, ज्या चोरीसाठी हे सगळं केलं ती रोखली गेलीच नाही. ‘स्पोर’ची संरक्षण काढलेली कॉपी गेम दुकानांत येण्याआधीच फिरत होती. इंटरनेटवरच्या चोरीच्या बातम्या देणाऱ्या टोरेंटफ्रीक या साइटनं वर्षाअखेरीस यादी काढली तेव्हा २००८ मध्ये सगळ्यात जास्त चोरून उतरवलेला गेम हाच निघाला. आकडा सतरा लाखांच्या आसपास. ज्यांनी चोरून उतरवला त्यांना ना की लागली, ना सर्व्हर, ना तीनची मोजणी. पैसे देणारे तेवढे मोजले गेले.

त्या वादात कंपनीनं एक बचाव केला होता. तो मला नेहमी आठवतो, कारण तो ऐकायला बिनतोड वाटतो. म्हणणं असं, की तीनपेक्षा जास्त मशीनवर गेम चालवू पाहणारे ग्राहक एक टक्क्याहूनही कमी आहेत. मग एवढा कांगावा कशाला? पण ही मोजणी सप्टेंबर २००८ मधली, गेम येऊन काही आठवडे झाले होते तेव्हाची. पहिल्या महिन्यात कोणाचा मदरबोर्ड जळतो? काकांचा गेमही पहिल्या महिन्यात मोजला असता तर त्यांची एकच जागा गेलेली दिसली असती आणि ते समाधानी ग्राहकांत धरले गेले असते. बोर्ड पुढच्या उन्हाळ्यात जळतो, कार्ड त्याच्याही पुढच्या वर्षी बदलतं. जी अडचण वर्षांनी उभी राहते ती आठवड्यांत मोजली की टक्का कमीच येणार.

पत्रव्यवहार

गेम अडल्यावर काकांनी ते काम स्वतःच्या हातात घेतलं. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, ईमेलसुद्धा अर्जासारखा. विषय, संदर्भ, मग क्रमवार हकीकत, खाली ‘आपला विश्वासू’ याचं इंग्रजी. इंग्रजी तपासायला पोरानं माझ्याकडे पाठवलं होतं, त्यात तपासण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिलं उत्तर यंत्राचं आलं: की बरोबर टाकली आहे का बघा, इंटरनेट चालू आहे का बघा. दुसरं माणसाचं. त्यानं दोन गोष्टी मागितल्या. मॅन्युअलच्या ज्या पानावर की छापली आहे त्या पानावर तक्रारीचा क्रमांक हातानं लिहून त्याचा फोटो, आणि खरेदीची पावती. पहिली अट मला पटते. दुसऱ्याच्या मॅन्युअलचा फोटो कोणीही पाठवेल, हातानं लिहिलेला क्रमांक नाही. पावतीपाशी मात्र गाडी अडली. ‘१ गेम डीव्हीडी’ असं लिहिलेल्या त्या चिठ्ठीवर ना गेमचं नाव, ना दुकानाचं. काका दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, म्हणाला, ‘काका, आता पक्कं बिल बनवलं तर त्यावर आजची तारीख पडेल. चालेल?’ चालणार नव्हतं.

काका माझ्या दुकानात येऊन बसले आणि जरा तडकूनच बोलले, ‘अरे, लॉकरची चावी हरवून येणाऱ्या माणसाला मी कधी एवढे प्रश्न विचारले नाहीत. आणि त्याच्या लॉकरमध्ये सोनं असायचं!’

शेवटी कंपनीनं पावतीवाचून एक जागा वाढवून दिली. या वेळेपुरती खास सवलत, पुन्हा मिळणार नाही, असं बजावून. काही आठवड्यांनी मिळालेल्या त्या चौथ्या जागेवर गेम चालला. २०१२ मध्ये आख्खा पीसीच बदलला, तेव्हा पुन्हा अडला. पुन्हा लिहिलं, या वेळी उत्तर आलं की या उत्पादनासाठी आता मदत दिली जात नाही.

विकत घेतलेल्या वस्तूसाठी दर वेळी अर्ज करायचा आणि कोणाच्या तरी मर्जीनं ती चालणार. माझ्या मते काकांना खरा राग याचा होता, पैशांचा नव्हे.

क्रॅक टाकला तर?

या टप्प्यावर पोरानं मला जे विचारलं ते अशा प्रकरणात प्रत्येकजण विचारतो. ‘दादा, माझ्याकडे ओरिजिनल आहे. मग क्रॅक टाकला तर ती चोरी कशी?’

क्रॅक म्हणजे गेमची मूळ चालू करायची फाइल बदलून तिच्यातली तपासणी उडवलेली फाइल. काम पाच मिनिटांचं. बाजारात ते करून देणारे पुष्कळ.

कायदा काय म्हणतो ते जरा नीट पाहायला हवं, कारण यावर छातीठोक बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक बहुधा अर्धंच बोलतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(कक) आहे, इंग्रजीत डबल ए. संगणकीय आज्ञावली ज्याच्याकडे कायदेशीर मार्गानं आली आहे, त्यानं ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून किंवा हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून कॉपी करणं हा भंग धरत नाहीत. पुढे २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५-क आलं: संरक्षणाचा तांत्रिक उपाय हक्कभंग करण्याच्या हेतूनं मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला ‘हेतूनं’ हा भाग महत्त्वाचा. कायद्यानं ज्याला स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी उपाय मोडला तर हे कलम आड येत नाही, असं त्याच कलमात पुढे दिलं आहे. म्हणजे स्वतःच्या ओरिजिनल गेमसाठी पोराची बाजू अगदीच लंगडी नाही. करारनाम्याचा भंग हा भाग वेगळा. तो फौजदारी नाही.

पण त्याच कलमाला एक परंतुक आहे आणि ते माझ्यासारख्यावर येतं. अशा वैध कामासाठी दुसऱ्याला उपाय मोडून देणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा सगळा तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. आता सांगा, बाजारात क्रॅक टाकून देणाऱ्या कोणत्या दुकानात असं रजिस्टर आहे?

मी नाही म्हटलं त्याचं कारण मात्र कायद्याहून साधं होतं. ती फाइल कोणी बनवली ते कोणालाच माहीत नसतं. अँटिव्हायरस ओरडतो, तर सोबतच्या सूचनेत लिहिलेलं असतं की अँटिव्हायरस बंद करा. लोक करतात. मग तीच मशीनं माझ्याकडे येतात, फॉरमॅट मारायला. एका गेमसाठी काकांच्या नेट बँकिंगच्या मशीनवर मी ते करणार नव्हतो. पोरानं घरी नंतर काय केलं ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

ग्राहक मंचात गेले असते तर

काकांच्या मनात आलं होतं. तेव्हा १९८६ चा कायदा होता आणि खरेदी इंदुरातली, म्हणून तक्रार इंदूरच्या जिल्हा मंचात चालली असती. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदतही हातात होती. अडलं दोन ठिकाणी. एक ते कच्चं बिल. दुसरं म्हणजे समोरच्या पक्षात पहिलं नाव दुकानदाराचं घालावं लागलं असतं. काका म्हणाले, ‘त्यानं डबी विकली. तीनचा आकडा त्यानं घातला का? त्याला कशाला कोर्टात ओढू?’ विषय तिथंच संपला.

आज तसंच प्रकरण आलं तर हत्यारं जास्त आहेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथंच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. ऑनलाइन दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा आयोगात फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. पण माझ्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट त्रुटीच्या व्याख्येत आहे: ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही आता त्रुटीत मोडतं. डबीवर ‘ठराविक संख्या’ लिहायचं आणि संख्या आतल्या करारनाम्यात ठेवायची, यावर बोट ठेवायला ही जागा आहे. करारच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल तर मात्र जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे, म्हणजे आपल्याला भोपाळला जावं लागतं. हजार रुपयांच्या गेमसाठी भोपाळ कोण करणार? म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो, करारावर भांडू नका, दडवलेल्या आकड्यावर भांडा.

पुढे काय झालं

२०१५ मध्ये विंडोज १० आलं. डिस्क तपासणारं सेफडिस्क आणि सिक्युरॉमच्या जुन्या आवृत्त्या त्यावर चालेनात. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरक्षा अपडेटनं मायक्रोसॉफ्टनं सेफडिस्कचा ड्रायव्हर विंडोज ७ आणि ८ वरही बंद केला, कारण त्या ड्रायव्हरमधल्या फटीतून मशीनचा ताबा घेता येत होता. काकांच्या कपाटातल्या याहून जुन्या दोन-तीन डिस्क, ज्यांना तीनची मर्यादा नव्हती, त्याही तेव्हा बसल्या.

सर्व्हरवर टांगलेल्या गेमचं भवितव्य कसं असतं हे ‘जीटीए फोर’नं दाखवलं. २००८ चा तो गेम मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्हला बांधलेला होता. ती सेवा मागे पडली, नव्या की तयार होईनात, आणि जानेवारी २०२० मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात त्याची विक्रीच थांबली. मार्चमध्ये ते ओझं काढून गेम परत आला. मोठं नाव होतं, म्हणून कोणीतरी काढलं. मर्यादेचं जुनं कुलूप काढायला कोणी परत येतच नाही असे गेम कितीतरी असतील.

काकांचा गेम त्या बाबतीत नशीबवान निघाला. पोरगा पुण्याला नोकरीला लागल्यावर त्याला तो एका डिजिटल दुकानात सेलमध्ये दिसला. तोच गेम, संरक्षण नाही, मर्यादा नाही, किंमत पहिल्या वेळेच्या निम्म्याहून कमी. त्यानं घेतला आणि काकांना फोनवर सांगितलं. काका मला म्हणाले, ‘म्हणजे कुलूप काढता येत होतं तर. मग आपल्यालाच का नाही काढून दिलं?’

मर्यादा आजही गेलेली नाही, रूप बदललंय. २०१४ पासून आलेल्या डेनुवो या संरक्षणाच्या गेमांत बहुधा चोवीस तासांत पाच मशीनची मर्यादा असते. दिवस उलटला की पुन्हा पाच. घरी खेळणाऱ्याला ती जाणवतही नाही, आणि काकांच्या प्रकरणाशी तुलना केली तर ही फारच सोसण्यासारखी आहे. जाणवते ती आमच्यासारख्यांना, जे एका संध्याकाळी ग्राहकासमोर चार कार्डं लावून बघतात.

काकांच्या प्रकरणानंतर मी जॉब कार्डावर एक ओळ वाढवली: काही अ‍ॅक्टिव्हेट केलेलं सॉफ्टवेअर किंवा गेम आहे का, आणि ते काढून घेतलं का. मशीन चालू स्थितीत आलं असेल तर आधी ते काढतो, मग स्क्रू ड्रायव्हर लावतो. बोर्ड जळूनच आला असेल तर काढण्याचा प्रश्न नसतो. तेव्हा दुरुस्तीच्या पक्क्या बिलावर जुन्या आणि नव्या बोर्डाचा सिरियल नंबर आणि जळल्याची तारीख घालून देतो. जागा वाया गेली ती कॉपी केल्यामुळे नव्हे, बोर्ड गेल्यामुळे, हे दाखवणारा ग्राहकाकडे तेवढाच कागद असतो. पत्रव्यवहाराची वेळ आली तर तो कीच्या फोटोला जोडून पाठवायचा, आणि पावती मागण्याची वाट न बघता पहिल्याच ईमेलमध्ये. टॅलीपासून डिझाइनच्या सॉफ्टवेअरपर्यंत मोजून अ‍ॅक्टिव्हेट होणाऱ्या बऱ्याच गोष्टींना हा कागद उपयोगी पडतो, आणि त्या वापरणारे गिऱ्हाईक आता बिल हातात पडल्यावर आधी सिरियल नंबर जुळवून बघतात.